नातवंडं आठ दिवसांसाठी येणार आहेत, त्यांना काय दाखवू?

ताई,
मी एकाहत्तर वर्षांचा, इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. मुलगा हैदराबादला, सून तेलुगू. नात पंधरा वर्षांची, नातू नऊचा. दोघांना मराठी समजतं, पण उत्तर येतं इंग्रजीत नाहीतर हिंदीत. वर्षातून एकदा, नाताळच्या सुट्टीत, आठ दिवस येतात. गेल्या वर्षी मी हौसेने माझ्या आवडीचा जुना सिनेमा लावला. अर्ध्या तासात दोघं मोबाइल घेऊन आतल्या खोलीत गेली. मी रागाने टीव्ही बंद केला आणि पुढचे दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. ही म्हणते, पोरांना त्यांच्या मनासारखं राहू द्या. पण ताई, आम्ही गेल्यावर या मुलांकडे मराठीतलं काय उरणार? यंदा मी तेवीस गोष्टींची यादी केली आहे. सिनेमे, पुस्तकं, गाणी, खाण्याच्या जागा, सगळं आहे. पण अलीकडचं मला फारसं ठाऊक नाही. काय ठेवू, काय काढू, नवीन काय घालू?
– एक आजोबा

काका, सा. न. वि. वि.

तुमची यादी मी दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचताना वाटलं, यातली एकही गोष्ट टाकाऊ नाही. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा जाणवलं की तेवीस गोष्टींत मुलं कुठेच दिसत नाहीत. नात सध्या काय ऐकते, नातू कशावर खदखदून हसतो, दोघांपैकी तिखट कुणाला चालतं, याचा एक शब्द यादीत नाही आणि पत्रातही नाही. तुम्हाला काय आवडतं ते मात्र मला आता पाठ झालंय. त्यात चूक काही नाही, प्रेमापोटीच माणूस असं करतो. पण दुसऱ्याला काही सुचवायचं तर आधी तो माणूस डोळ्यांपुढे यावा लागतो. म्हणून मुलं यायच्या आत नातीला एक फोन करा आणि एवढंच विचारा, “यंदा तू मला काय दाखवणार आहेस? एक सिनेमा आणि दोन गाणी काढून ठेव.” ती जे लावेल ते शेवटपर्यंत बघा. मधे उठू नका, पेपर उघडू नका. कोरियन मालिका निघाली तर कोरियन मालिका. गेल्या वर्षी अर्ध्या तासात ती उठून गेली याचं तुम्हाला वाईट वाटलं ना? तिच्या वेळी तुम्ही बसून राहिलात तर तुमच्या वेळी तिला उठवणार नाही.

तेवीसच्या जागी मी सहा-सात गोष्टी ठेवीन. आठ दिवसांतला पहिला झोपण्यात आणि शेवटचा बॅगा भरण्यात जातो.

आधी सिनेमा, कारण दुखणं तिथलं आहे. ‘श्यामची आई’ तुमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आहे, आणि तोही १९५३चा, आचार्य अत्र्यांचा. पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णपदक मिळवणारा तो चित्रपट, त्याच्या मोठेपणाबद्दल वादच नाही. पण हैदराबादच्या नऊ वर्षांच्या मुलाला तो पहिल्या संध्याकाळी लावायचा नसतो. २०२३ साली सुजय डहाके यांनीही ‘श्यामची आई’ केला, तोही कृष्णधवल. दोन्ही बाजूला ठेवा. मुलांनी आपण होऊन विचारलं तर लावा.

नातवासाठी ‘नाळ भाग २’ आणा. हाही २०२३चा. आपल्याला जन्म देणारी आई वेगळी आहे हे कळलेला चैत्या तिला भेटायला जातो आणि तिथे त्याला एक इवलीशी बहीण भेटते, एवढीच गोष्ट. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला मिळाला आणि श्रीनिवास पोकळे, त्रिशा ठोसर, भार्गव जगताप या तिन्ही मुलांना अभिनयाचा. साडी नेसून राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार घेणारी ती चिमुरडी तुमच्या सुनेने मोबाइलवर पाहिलीही असेल. जमलं तर आदल्या दिवशी पहिला ‘नाळ’ दाखवा. त्यातली बोली नातवाला सगळी कळणार नाही. न कळू द्या. पोरांचे चेहरेच एवढे बोलके आहेत की भाषा मागून येते. तुम्ही मधेमधे अर्थ सांगत बसलात की मात्र त्याची शाळा झाली म्हणून समजा.

नातीसाठी ‘आत्मपॅम्फ्लेट’. दिग्दर्शक आशिष बेंडे, लेखन परेश मोकाशी यांचं. शाळकरी मुलाचं एकतर्फी प्रेम आणि त्याच काळात देशात चाललेली उलथापालथ यात शेजारीशेजारी चालते. जातीचा प्रश्नही आहे, आणि तो आरडाओरडा न करता मनात घर करतो. पंधराव्या वर्षी प्रेम म्हणजे काय ते तिला तुमच्याहून ताजं ठाऊक आहे, आणि तो काळ कसा होता ते तुम्हाला. सिनेमा संपल्यावर ती विचारेल, “आजोबा, खरंच असं होतं का?” तेव्हा बोला, हवं तेवढं बोला. हा सिनेमा मी तीनदा पाहिलाय, दरवेळी वेगळ्या वयाच्या माणसाबरोबर, आणि तिन्ही वेळा नंतर जेवणाचं ताट तासभर गार झालं.

मुलगा-सुनेबरोबर रात्री पोरं झोपल्यावर बघायचा असेल तर ‘वाळवी’. नातू जागा असेल तर नको, खुनाच्या बेताची गोष्ट आहे.

पुस्तकांच्या बाबतीत तुमची यादी मी जवळजवळ पूर्ण खोडली, रागावू नका. ज्या मुलाला मराठी सलग वाचता येत नाही त्याच्या हातात जाडजूड पुस्तक दिलं की ते बॅगेच्या तळाशी जातं. त्याला वाचून दाखवा. झोपायच्या आधी पंधरा मिनिटं, रोज. आणि वाचा भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’. तुमच्या यादीत तो नाही याचं मला नवल वाटलं, कारण भागवत आपल्या इंदूरचे, १९१० साली त्यांचा जन्म इथलाच. फुरसुंगीचा हा सायकलवेडा बनेश फेणे जिभेने ‘ट्टॉक’ करतो, आणि हा आवाज नऊ वर्षांच्या मुलाला करून बघितल्याशिवाय राहवतच नाही. तुम्ही एकदा करून दाखवा, दात लावून बसलात तर आणखी मजा येईल. तिसऱ्या दिवशी तो तुम्हाला ‘ट्टॉक’ करून हाक मारेल. तेवढी मराठी त्याच्या तोंडात कायमची बसली. अलीकडचं हवं असेल तर संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ घ्या. २०२२चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार तिला आहे. एका मुलीच्या वहीतल्या नोंदी, छोट्या छोट्या. ती मात्र नातीला वाचायला सांगा, धाकट्या भावासाठी. ती अडखळेल. तुम्ही दुसऱ्या खोलीतून चूक सुधारायची नाही.

हे सुधारण्याचं थोडं खुलवून सांगते, कारण तुमच्या पत्रात ओळीओळीतून ते जाणवलं. “मराठीत बोल” हे वाक्य आठ दिवस घरात उच्चारू नका. तुम्ही मराठीत बोला, ती इंग्रजीत उत्तर देऊ दे. आपण इंदूरचे लोक ‘येऊन राहिलोय, जाऊन राहिलोय’ म्हणतो आणि पुण्याचे पाहुणे भुवया उंचावतात, तेव्हा आपल्याला कसं वाटतं? भाषा मोडकी बोलली तरी चालते असं ज्या घरात वाटतं, तिथेच मूल ती बोलायला लागतं. माझ्या वहिनीही दुसऱ्या भाषेतल्या. पहिली काही वर्षं त्या मराठीत बोलायला लागल्या की आमच्यातलं कुणीतरी हसायचं. त्या गप्प झाल्या आणि मग त्यांच्या मुलीही. ते हसणं माझंही होतं, त्याची बोच मला अजून आहे. तुमच्या सूनबाईंना या सगळ्यात घ्या. त्यांच्याकडच्या एखाद्या तेलुगू सिनेमाची एक संध्याकाळ ठेवा. मुलांना आईची आणि वडिलांची भाषा एकाच सोफ्यावर दिसू दे.

नातीचं उत्तर इंग्रजीत येतं असं तुम्ही लिहिलंय, तर तिच्यासाठी एक जुनं पुस्तक सांगते. विष्णुभट गोडसे वरसईकरांचं ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक कर्ज फेडायला दक्षिणा मिळेल म्हणून १८५७ साली घरातून निघाला आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडला. महू, उज्जैन, धार, ग्वाल्हेर अशी आपली ओळखीची गावं एकामागोमाग येतात. झांशीला वेढा पडला तेव्हा तो शहरात होता. मिळवलेलं लुटलं गेलं, आणि गडी शेवटी गंगेची कावड घेऊन घरी परतला. हे पुस्तक १९०७ साली छापलं गेलं. त्याची इंग्रजी भाषांतरं मिळतात, हिंदीत अमृतलाल नागरांनी केलेलं आहे. तुम्ही मराठी घ्या, तिला इंग्रजी द्या, आणि महूचं प्रकरण दोघं एकाच दिवशी वाचा. मग गाडी काढून महूला जा, वीस-पंचवीस किलोमीटर तर आहे. डॉ. आंबेडकरांचं जन्मस्थानही तिथेच, तेही होईल. वाचलेल्या गावात त्याच आठवड्यात पाय ठेवायला मिळणं हे हैदराबादहून येणाऱ्या मुलीच्या वाट्याला सहसा येत नाही.

तुमच्या स्वतःसाठीही एक सांगू? मुलं गेल्यावर घर खायला उठतं, तेव्हा कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ कादंबरी वाचा. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. धरणामुळे उठवलेलं गाव, आणि मागे राहिलेल्या म्हशीच्या शोधात परत निघालेला माणूस. मी वाचत होते तेव्हा सारखं हरसूद आठवत होतं. २००४च्या पावसाळ्यात लोकांनी आपल्या हातांनी घरं पाडली, दारं-खिडक्या ट्रॅक्टरवर चढवल्या आणि इंदिरा सागरच्या पाण्याआधी गाव सोडलं. आपल्या निमाडची ती जखम आहे आणि मराठीत तिच्या सख्ख्या बहिणीची गोष्ट कुणी लिहिली, हे वाचताना गळा दाटून येतो.

आता गाणी. नातीला ‘गुलाबी साडी’ ठाऊक आहे का विचारा. नक्की ठाऊक असेल. जळगावकडच्या संजू राठोडचं ते २०२४मधलं गाणं, देशभरातल्या पोरांनी त्यावर नाच केला, ज्यांना मराठीचा म सुद्धा येत नव्हता त्यांनीही. नाक मुरडू नका. तिच्या मोबाइलमध्ये मराठी तुमच्या आधी पोचलेलं आहे, तिथूनच हात धरा. ती ते लावेल, मग तुम्ही एक लावा. एकच. मी कुमारजींचं, म्हणजे कुमार गंधर्वांचं, ‘अजुनी रुसुनी आहे’ लावीन. कवी अनिलांचे शब्द. रुसलेलं माणूस बोलत नाही, एवढी साधी गोष्ट, गेल्या वर्षी तुमच्या घरात दोन दिवस तीच चालली होती. पंधरा वर्षांच्या मुलीला रुसवा समजावून सांगावा लागत नाही.

कुमारजींचं नाव निघालं म्हणून माझीच एक गोष्ट सांगते. माझा भाचा अकरा वर्षांचा असताना पुण्याहून आला होता. मी त्याला हौसेने देवासला नेलं. जाताना पूर्ण रस्ताभर सांगत होते, कुमारजी १९४८ साली इथे आले, क्षयाने आजारी होते, कित्येक वर्षं गाणं बंद होतं, अंथरुणावर पडल्या पडल्या बायकांची माळवी गाणी ऐकली आणि त्यातून पुढे केवढं उभं केलं. टेकडीखाली गाडी थांबली तेव्हा पोरगा झोपलेला होता. परत येताना मी त्याच्याशी बोललेसुद्धा नाही. तुमच्या टीव्हीसारखंच.

मग रविवारी माझ्या आईने बाफले घातले. कणकेत थोडं मक्याचं पीठ, ओवा, हळद, तुपाचं मोहन. गोळे वळून उकळत्या पाण्यात सोडले आणि ते सगळे तळाशी गेले. “बुडाले!” भाचा ओरडला. आई म्हणाली, “थांब जरा.” तो ओट्याला टेकून उभा राहिला. पाच-सात मिनिटांनी एक गोळा हलला, कूस बदलल्यासारखा वळला आणि डुलत वर आला. मग दुसरा. तो मोजायला लागला. चौदा सोडले होते, तेरा वर आले. चौदाव्याला त्याने डावाने हळूच ढोसलं, तरी तो हलेना. वाफेने चष्मा धुरकटला तरी पठ्ठ्या जागचा हलला नाही, आणि तो शेवटचा वर आला तेव्हा आईला मिठीच मारली. नंतर ते बाफले तंदूरमध्ये लालसर भाजले, फोडून तुपात सोडले, तेव्हाही तो शेजारीच. या सगळ्या वेळात स्वयंपाकघरात कुमारजींचं ‘उठी उठी गोपाला’ चालू होतं. कुणी त्याला काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना म्हणाला, “मावशी, ते कालचं लाव ना, बाफल्याचं गाणं.” आज तो छत्तिसाचा आहे. अजून ते बाफल्याचंच गाणं आहे.

म्हणून तुमच्या यादीतली देवासची सहल मी ठेवलीय, पण सहाव्या-सातव्या दिवशी. तोवर घरात गाणं नुसतं वाजू दे, पोहे होताना, कपडे वाळत घालताना.

राहिलं खाणं. सराफा तुम्ही शनिवारी लिहिलाय, तो खोडून मंगळवार किंवा बुधवार करा. शनिवारच्या गर्दीत नातवाला फक्त लोकांच्या पाठी दिसतील. दागिन्यांची दुकानं बंद होताना, नऊच्या सुमारास पोचा, म्हणजे खाली येणारी शटर आणि त्यांच्यापुढे पेटणाऱ्या शेगड्या, हा बदल मुलांना डोळ्यांनी बघता येईल. दोघांत एक प्लेट, असा नियम ठेवा, नाहीतर तिसऱ्या दुकानाशीच पोट भरतं. भुट्ट्याचा कीस आता बारा महिने मिळतो, पण खरा तो पावसाळ्यातला, यंदा नाही खाल्ला तरी चालेल. डिसेंबरात गराडू खायचा, तो तळलेला कंद. नातीला तिखट चालत असेल तर जिरावन मसाला सढळ हाताने, वर लिंबू. छप्पन दुकानला दुपारी दोघांना एकटं पाठवा, म्हणजे नात, नातू आणि हातात पाचशे रुपये. काय खायचं ते त्यांनी ठरवायचं आणि येताना तुमच्यासाठी त्यांच्या पसंतीचं एक आणायचं. ते तुम्ही खायचं, कसंही लागलं तरी.

गराडू घरीही करा. काकू करतातच, त्यांना विचारून. सोलताना चिकट होतो, हाताला खाज सुटते, म्हणून आधी तेल चोळून घ्यायचं. एकदा मंद आचेवर तळून काढायचा, गार होऊ द्यायचा, आणि वाढायच्या वेळी कडक आचेवर पुन्हा. पहिलं तळण काकूंचं, दुसरं नातीचं. पंधरा वर्षांच्या मुलीला झारा हातात द्यायला घाबरू नका, तुम्ही शेजारी उभे आहात ना.

काकूंबद्दल थोडं. “पोरांना त्यांच्या मनासारखं राहू द्या” असं त्या म्हणतात ते तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. मला वाटतं, घरात मुलांची माहिती असलेलं माणूस तेच आहे. नातू कशावर हसतो, हे मला पत्र लिहिण्याआधी त्यांना विचारायला हवं होतं. आज संध्याकाळी विचारा. त्या सांगतील त्यात माझ्या इथल्या दोन-तीन गोष्टी बदलाव्या लागतील, खुशाल बदला.

‘सानंद’ या आपल्या इंदूरच्या मराठी सांस्कृतिक संस्थेचे तुम्ही सभासद आहात असं लिहिलंय. त्या आठवड्यात प्रयोग असेल आणि विनोदी असेल तर नातीला न्या, नातवाला काकूंपाशी ठेवा. गंभीर असेल तर तुम्ही दोघंच जा. तीन तास मुलांना घर मोकळं मिळेल, त्यांनाही ते हवं असतं.

गाडी स्टेशनात शिरेल त्या दिवशी मात्र काही लावू नका. पोहे करा, वाफेवर ठेवलेले, वर शेव आणि डाळिंबाचे दाणे, सोबत कोपऱ्यावरून गरम जिलबी. मुलं खातील, आंघोळ न करता लोळतील, मोबाइल बघतील. तुम्ही समोर खुर्ची घेऊन बसा आणि नातीला म्हणा, “काढून ठेवलंस ना माझ्यासाठी? लाव.” तिने काय लावलं ते मला नक्की कळवा.